भावाबहिणीची पहिली क्रूझ: आदल्या मुक्कामापासून उतरेपर्यंत

केबिनचं दार उघडलं तेव्हा आत एकच मोठा पलंग होता आणि त्यावर टॉवेलचे दोन हंस चोचीला चोच लावून बसले होते. दादाने हंसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "एक तू उचल, एक मी उचलतो, मग कुणाला तरी बोलावू." केबिन आवरणाऱ्या माणसाने येऊन दहा मिनिटांत एका पलंगाचे दोन करून दिले. बुकिंगमध्ये 'दोन वेगळे पलंग' एवढी एक ओळ घालायची राहून गेली होती.

भावाबरोबर किंवा बहिणीबरोबर पहिल्यांदाच क्रूझला निघालेल्यांसाठी हे लिहिते आहे. नवराबायको एकमेकांच्या आजच्या सवयी जाणून असतात. मित्रमैत्रिणी काही गृहीत धरत नाहीत, विचारून घेतात. भावंडांचा घोटाळा असा की आपण एकमेकांना पुरतं ओळखतो असं वाटतं, आणि ती ओळख असते पंचवीस वर्षांपूर्वीची. दादाला उजेडात झोप लागते ही माझी खात्री तो दहावीत असतानाची होती. त्यामुळे या प्रवासात बरंच काही नव्याने विचारावं लागतं, आणि ते विचारायची खरी जागा म्हणजे जहाज सुटायच्या आदल्या रात्रीचं हॉटेल.

बुकिंग करताना

क्रूझचं भाडं एका केबिनमध्ये दोन माणसं धरून माणशी सांगितलेलं असतं. एकाने ऐनवेळी माघार घेतली तर दुसऱ्याला अर्ध्या खर्चात जाता येईल असं समजू नका. एकट्या प्रवाशाला अनेकदा जवळपास दोघांचं भाडं पडतं. रद्द करण्याचे नियम दोघांनीही वाचा आणि विमा दोघांनीही काढा. विम्यात जहाजावरच्या दवाखान्याचा खर्च आणि गरज पडल्यास किनाऱ्यावरच्या इस्पितळात हलवण्याचा खर्च धरला आहे ना, ते बघून घ्या. जहाजावरचा डॉक्टर मोफत नसतो.

तिकिटावरचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. बहिणीचं आडनाव लग्नानंतर बदललं असेल आणि भावाने दोघांचं बुकिंग केलं असेल, तर सवयीने माहेरचं आडनाव टाकलं जातं. ही चूक बंदरावरच्या टर्मिनलवर कळण्यापेक्षा घरी कळलेली बरी. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यानंतर निदान सहा महिने उरलेली असावी. व्हिसाचाही बारकावा आहे: जहाज शेंगेन देशांतून (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) निघून मध्येच तुर्कस्तानला किंवा ब्रिटनला जाऊन परत शेंगेन बंदरात येणार असेल, तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा पुरत नाही, अनेकदा प्रवेश देणारा लागतो.

केबिन निवडताना जहाजाचा नकाशा उघडा आणि वरच्या-खालच्या दोन्ही मजल्यांवर केबिनच असतील अशी जागा शोधा. पोहण्याच्या तलावाखालच्या केबिनमध्ये पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज येतो. जहाज लागतं त्यांनी मधली आणि खालच्या मजल्यावरची केबिन घ्यावी, तिथे हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात.

बाल्कनी घ्यावी का? परवडत असेल तर भावंडांनी जरूर घ्यावी, असं माझं मत आहे. समुद्र वरच्या डेकवरूनही दिसतोच. पण एकजण झोपलेला असताना दुसऱ्याला फोन करायला, पुस्तक वाचायला किंवा नुसतं रुसून बसायला एक जास्तीची जागा मिळते. साधी केबिन साधारण १६० ते १८० चौरस फुटांची असते. त्यात दोन मोठी माणसं आणि दोन सुटकेस. विचार करा.

आणखी एक नियम भावंडांना हमखास नडतो. अनेक कंपन्यांमध्ये केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. एक पिणारा आणि एक न पिणारा असाल तर आधी हिशेब मांडा. बहुतेक वेळा सुटे पेले स्वस्त पडतात.

आदला मुक्काम: कधी पोहोचायचं, कुठे उतरायचं

त्याच दिवशी विमानाने पोहोचून जहाज गाठायचा बेत करू नका. टर्मिनलचं दार जहाज सुटायच्या तास-दीड तास आधीच बंद होतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याआधी द्यावी लागते. त्यातून भावंडं बहुधा दोन वेगळ्या शहरांतून येतात. म्हणजे विमानं दोन आणि उशीर व्हायच्या शक्यताही दोन. निदान एक रात्र आधी पोहोचा. बरेच टाइमझोन ओलांडून येणार असाल तर दोन रात्री.

हॉटेल शोधण्याआधी जहाज नक्की कुठून सुटतं ते नकाशावर पाहा. जाहिरातीतलं शहर आणि खरं बंदर यांत कधीकधी काही तासांचं अंतर असतं. रोमचं बंदर म्हणजे चिवितावेक्किया, रोमपासून रस्त्याने ८० किलोमीटरच्या आसपास. पॅरिसच्या नावावर खपवलेलं ल आव्र बंदर सुमारे २०० किलोमीटरवर आहे. लंडनसाठी सांगितलेलं साउदम्प्टन साधारण १३० किलोमीटरवर. ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून जायला बंदी आहे. त्यामुळे व्हेनिसच्या नावाने विकलेल्या काही क्रूझ प्रत्यक्षात राव्हेन्नाहून सुटतात, आणि ते दीडशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. याउलट बार्सिलोना आणि मायामीत बंदर शहराला लागूनच आहे. पण तिथेही टर्मिनल अनेक आहेत. सिंगापूरमध्ये तर मरिना बे आणि हार्बरफ्रंट अशी दोन वेगळी ठिकाणं आहेत. टर्मिनलचं नाव दोघांनीही आपापल्या फोनमध्ये लिहून ठेवा. 'त्याला माहीत आहे' यावर विसंबू नका, कारण तोही तुमच्यावरच विसंबलेला असतो.

बंदर लांब असेल तर माझा कौल बंदराच्या गावात राहण्याला आहे. शहर पाहायचं असेल तर दोन रात्री काढा: पहिली शहरात, दुसरी बंदराजवळ. एकच रात्र असेल तर शहर पाहायचा मोह सोडा.

हॉटेलच्या बुकिंगवर दोघांचीही नावं घाला. ही गोष्ट मी शिकले ती एका हॉटेलच्या स्वागतकक्षात सामानावर बसून. बुकिंग दादाच्या नावावर, त्याचं विमान तीन तास उशिरा, आणि मला खोली द्यायला कुणी तयार नाही. त्यांचं चुकत होतं असंही म्हणता येत नाही.

सकाळची वेळही जुळवून पाहा. हॉटेल अकरा-बाराला खोली सोडायला सांगतं आणि तुम्हाला टर्मिनलवर दुपारी दोनची वेळ मिळालेली असते. मधल्या वेळात सामान ठेवून घेतील का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. बहुतेक ठेवतात.

त्या रात्री एकच खोली घ्या

पुढचे सात दिवस एकत्रच काढायचे आहेत तर निदान ही रात्र वेगवेगळ्या खोल्या घेऊ, असा विचार मनात येतो. मोह समजण्यासारखा आहे, पण टाळा. ही रात्र म्हणजे रंगीत तालीम. कोण घोरतं, कुणाला एसी सोळावर लागतो, कुणाचा गजर पाच वेळा वाजून बंद होतो, कोण रात्री दोनला मोबाईल उघडतो, हे सगळं कळायला हवं ते जमिनीवर, जिथे सकाळी उठून औषधाच्या दुकानातून कानात घालायचे बोळे आणता येतात. दादा घोरतो हे वहिनीने मला आधी सांगितलं होतं. किती घोरतो ते सांगितलं नव्हतं.

झोपण्याआधी तासभर काढा आणि सगळं सामान पलंगावर पसरा.

पहिल्यांदा कागद. एकमेकांचे पासपोर्ट, व्हिसा आणि क्रूझचा बोर्डिंग पास अदलाबदल करून वाचा. स्वतःच्या कागदातली चूक डोळ्यांना दिसत नाही, भावंडाच्या कागदातली मात्र लगेच दिसते, हा लहानपणापासूनचा अनुभव इथे उपयोगी पडतो. पासपोर्टचा फोटो एकमेकांच्या फोनमध्ये ठेवा.

ऑनलाइन चेक-इनमध्ये 'आपत्कालीन संपर्क' असा रकाना असतो. भावंडं तिथे हटकून एकमेकांची नावं घालतात. पण तुम्ही दोघंही त्याच जहाजावर असणार! किनाऱ्यावर असलेल्या माणसाचं नाव आणि नंबर द्या.

मग कपडे. प्रत्येकाने आपला एक जोड आणि आतले कपडे दुसऱ्याच्या सुटकेसमध्ये टाकावेत. एक बॅग हरवली किंवा उशिरा आली तरी कुणाचं अडत नाही. औषधं मात्र सुटकेसमध्ये नकोतच, ती हातातल्या बॅगेत. तीही निम्मी-निम्मी दोघांकडे. आणि कोण कशाची गोळी घेतं, कुणाला कसली ॲलर्जी आहे, हे एकमेकांना सांगा. मला दादाच्या रक्तदाबाबद्दल त्या रात्री पहिल्यांदा कळलं. त्यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं, ते इथे लिहीत नाही.

क्रूझ कंपनीने पाठवलेल्या लगेज टॅगवर केबिनचा नंबर असतो. ते टॅग याच रात्री लावा, घरून निघताना नको. विमानतळावरच्या पट्ट्यांवर कागदी टॅग फाटून जातात. इस्त्री, मेणबत्ती, पाणी उकळायची किटली आणि सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेंशन बोर्डं जहाजावर चालत नाहीत. आगीच्या भीतीने ती तपासणीतच काढून घेतात.

शेवटी पैसे. हा विषय भावंडं कधीच नीट बोलत नाहीत. मोठ्याला वाटतं आपण द्यायला हवेत, धाकट्याला वाटतं दरवेळी यानेच का द्यायचे, आणि दोघंही गप्प बसतात. आमचा ठरलेला हिशेब असा होता: केबिन आणि हॉटेल निम्मं-निम्मं, विमान ज्याचं त्याचं, बंदरावर एकत्र केलेला खर्च एका वहीत. जहाजावर रोख चालत नाही. प्रत्येकाला एक कार्ड मिळतं, तेच केबिनची किल्ली, तेच ओळखपत्र आणि खर्चही त्याच्यावरच चढतो. एका केबिनमधल्या दोघांचा खर्च आपोआप एकाच क्रेडिट कार्डाला जोडला जाऊ शकतो. तो चेक-इनमध्येच वेगळा करून घ्या. बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्यांची टिप दर माणशी दर दिवशी खात्यात लावतात, तीही हिशेबात धरा.

चढायचा दिवस

टर्मिनलवर दिलेल्या वेळेलाच जा. फार आधी गेलात तर बाहेर ताटकळाल. दारात मोठ्या सुटकेस हमालांकडे द्यायच्या असतात, त्या केबिनपाशी पोहोचायला संध्याकाळ होते. म्हणून पासपोर्ट, औषधं, चार्जर, पोहायचे कपडे आणि एक हलका बदल हातातल्या बॅगेत हवा. पासपोर्ट सुटकेसमध्ये घालून ती हमालाच्या हवाली करणारे दर फेरीला कुणी ना कुणी असतात. पुढे सामानाची तपासणी, पासपोर्ट, फोटो, आणि तुम्ही आत.

केबिन तयार व्हायला दुपारचा एक-दीड होतो. तोवर सगळे बुफेवर तुटून पडतात. तुम्ही आधी जहाज फिरून घ्या. लांबच लांब बोळांत पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं ते पहिले दोन दिवस कळत नाही. काही जहाजांवर गालिच्यावर मासे काढलेले असतात आणि सगळ्यांची तोंडं जहाजाच्या पुढच्या बाजूला असतात. दादाला हे तिसऱ्या दिवशी समजलं आणि मग तो भेटेल त्याला सांगत सुटला.

सेफ्टी ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं याचा सराव, टाळू नका. १३ जानेवारी २०१२ रोजी कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज इटलीच्या जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चिवितावेक्कियाला चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल झालीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमानुसार ती २४ तासांत घेतली तरी चालत असे. २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं सक्तीचं आहे. आता बऱ्याच जहाजांवर फोनवर माहितीचा व्हिडिओ पाहायचा आणि आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे संकटात जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन कार्ड दाखवायचं, एवढंच असतं. दोघांनीही जावं लागतं, एकाने दुसऱ्याची हजेरी लावता येत नाही. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा हा धोक्याचा इशारा. तो वाजला आणि दोघं वेगवेगळ्या ठिकाणी असाल तर एकमेकांना शोधत केबिनकडे धावू नका. थेट मस्टर स्टेशनला जा, दुसराही तिथेच येणार. हे त्या दिवशी तोंडाने बोलून ठरवा.

समुद्रावरचे दिवस

इथली सगळी युक्ती एकच: दिवसातून एकदा नक्की भेटायचं आणि बाकीचा वेळ मोकळा सोडायचा. आम्ही रात्रीचं जेवण ठरवलं होतं. दादा सकाळी सहाला डेकवर चालायला जायचा, मी नऊपर्यंत झोपायची. पहिल्या दिवशी त्याने मला उठवायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी केला नाही.

जमीन दिसेनाशी झाली की फोन एअरप्लेन मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं मोबाईल नेटवर्क असतं, फोन त्याला चिकटला की रोमिंगचं बिल भरमसाट येतं. बऱ्याच कंपन्यांच्या ॲपमध्ये प्रवाशांना आपसात निरोप धाडता येतात. नाहीतर केबिनच्या आरशावर चिकटवलेली चिठ्ठी सगळ्यात भरवशाची. केबिनच्या भिंती बहुधा लोखंडी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक नेले तर ओले कपडे आणि टोप्या त्यावर टांगता येतात. बिनखिडकीच्या केबिनमध्ये रात्री मिट्ट काळोख असतो. दुसऱ्याच्या पायावर पाय द्यायचा नसेल तर छोटा बॅटरीचा दिवा न्या.

जहाज लागण्याची गोळी मळमळ सुरू व्हायच्या आधी घेतली तर नीट लागू पडते. कुठली घ्यायची ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा, कारण बऱ्याच गोळ्यांनी झोप येते. त्रास झालाच तर मोकळ्या हवेत जाऊन क्षितिजावर नजर ठेवा. आणि जेवणाआधी हात साबणाने धुवा. जहाजांवर पोटाच्या साथी पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर हातावरचं सॅनिटायझर फारसं चालत नाही. केबिनमधला एक पडला की दुसरा पडतोच.

जेवणाच्या टेबलावर लोक तुम्हाला जोडपं समजणार. सुरुवातीला आम्ही घाईघाईने खुलासा करायचो. मग दादाने एक वाक्य ठरवलं, "ही माझी धाकटी बहीण, आणि हो, मी तिच्याहून तरुण दिसतो."

बंदरांवर

परत चढायची वेळ रोजच्या पत्रकात छापलेली असते, सुटण्याच्या वेळेआधी अर्धा ते एक तास. ती वेळ जहाजाच्या घड्याळाची असते आणि बंदराच्या गावातलं घड्याळ तासभर पुढे-मागे असू शकतं. फोन स्थानिक वेळ आपोआप पकडतो, म्हणून एकाच्या हातात साधं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलेलं असू द्या. जहाज कंपनीच्या सहलीवर गेलात आणि सहलीलाच उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा पुढची सोय कंपनी करते. स्वतः फिरायला गेलात तर थांबत नाही. २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटरचा वेग. रात्रभरात ते चारशे किलोमीटर लांब गेलेलं असतं. पत्रकावर बंदरातल्या एजंटचा नंबर असतो, बाहेर पडताना त्याचा फोटो घ्या.

ग्रीसमधल्या सांतोरिनी बेटासारख्या ठिकाणी जहाज धक्क्याला लागत नाही. छोट्या टेंडर बोटींनी किनाऱ्यावर जावं लागतं, आणि वरच्या 'फिरा' नावाच्या गावात चढायला केबल कार, खेचर किंवा पाचशेहून जास्त पायऱ्या. परतीला केबल कारला लांब रांग लागते. तासभर राखून निघा.

बंदरावर वेगळं फिरायचं असेल तर खुशाल फिरा, पण भेटायची जागा आणि वेळ ठरवून. एकजण आला नाही तर दुसऱ्याने काय करायचं, हेही ठरवून. आमचा नियम होता: शेवटच्या वेळेला जो धक्क्यावर असेल त्याने चढायचं. खाली थांबून दोघांनीही जहाज चुकवण्यात काही अर्थ नाही. वर चढलेला माणूस निदान दुसऱ्याचा पासपोर्ट तिजोरीतून काढून एजंटकडे द्यायची खटपट करू शकतो.

उतरताना

शेवटच्या रात्री सुटकेस दाराबाहेर ठेवायच्या असतात, दहा-अकराच्या आत. त्या आधी सकाळचे कपडे आणि चपला बाजूला काढा. सामान स्वतः उचलून नेणार असाल तर सुटकेस आतच ठेवा, सगळ्यात आधी उतरायला मिळतं. दोघांचीही बिलं त्याच रात्री तपासा. चूक असेल तर ती रात्रीच सांगा, सकाळी काउंटरवर रांग दारापर्यंत गेलेली असते. परतीचं विमान दुपारनंतरचं घ्या.

सुटकेस बाहेर ठेवताना माझ्या बॅगेतला दादाचा एक जोड परत द्यायला मी विसरले नाही. त्याच्या बॅगेतला माझा मात्र अजून त्याच्याकडेच आहे.